हळू पळणाऱ्याने तुलना कोणाशी करावी?



पहाटे पळायला निघणाऱ्यांचे प्रमाण अलीकडे आपल्या खेड्यापाड्यांतूनही वाढले आहे. पूर्वी पळायची ती भरतीची पोरे, नाहीतर तालमीतले पैलवान. आता चाळिशी-पन्नाशीतले शेतकरी, शिक्षक, आणि काही घरांतल्या लेकी-सुनाही बूट घालून रस्त्याला लागतात. ही चांगलीच गोष्ट आहे. पण यातले बरेचजण पाच-सहा महिन्यांत घरी बसतात. कारण विचारावे तर, “आपल्याला नाही जमत. तो अमका आपल्या मागून आला आणि कुठल्या कुठं गेला बघा!” तेव्हा वेग एवढा हळू का वाढतो आणि एकाचा लवकर, दुसऱ्याचा उशिरा असे का होते, हे जरा नीट पाहू.

पळू लागल्यावर शरीरातले सगळे भाग एका चालीने तयार होत नाहीत. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला पातळ भाग वाढतो. हृदयाच्या एका ठोक्यात जास्त रक्त पुढे जाते आणि धाप कमी लागते. गड्याला वाटते, जमलं! पुढे स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे वाढायला आणि प्राणवायू वापरण्याची त्यांची ताकद वाढायला कित्येक आठवडे, महिने जातात. हाडे आणि टाचेमागची जाड शीर यांना तर त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे छाती पुढे आणि नडगी मागे. नेमके याच वेळी माणूस दुसऱ्याचे बघून ३ किलोमीटरचे एकदम ८ करतो आणि नडगी धरून बसतो. दुखणे पायाचे खरे, पण ते येते शेजाऱ्याकडे बघण्यातून.

आता माणसामाणसांतला फरक. अमेरिका आणि कॅनडात ‘हेरिटेज’ नावाचा एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. आई-वडील आणि मुले अशा कुटुंबांना २० आठवडे सायकलवर एकाच पद्धतीचा व्यायाम दिला. शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरते, ते आधी आणि नंतर मोजले. काहींची ही क्षमता लिटरभर वाढली, काहींची जवळजवळ वाढलीच नाही. आणि या फरकाचा निम्म्याच्या आसपास भाग घराण्यागणिक बदलणारा निघाला. कष्ट सारखे, फळ वेगळे. यात कोणाचा आळस नव्हता.

उसाच्या बाबतीत हे आपल्याला सांगावे लागत नाही. जुलै-ऑगस्टची आडसाली लागण आणि जानेवारी-फेब्रुवारीची सुरू लागण यांची उंची कोणी एकाच दिवशी बांधावर उभे राहून मोजत नाही. पण पळताना आपण हेच करतो. पोलीस भरतीचा पोरगा विशीतला, त्याचे लक्ष १६०० मीटरच्या चाचणीवर, आणि नोकरी त्यावर अवलंबून. तो बाजूने वाऱ्यासारखा जाणारच. ५ किलोमीटरला ४० मिनिटे घेणाऱ्या पंचेचाळीस वर्षांच्या माणसाने त्याच्याकडे बघून मान खाली घालण्याचे कारण काय?

मोबाईलने तर या दुखण्यात भरच घातली आहे. ग्रुपवर जो तो आपला चांगला दिवस टाकतो. ज्या दिवशी दोन किलोमीटरवर दम लागून चालत परत आला, त्या दिवसाचा फोटो कोणी टाकत नाही.

नामांकित धावपटूंचीही प्रगती सेकंदांनीच होते. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी २०१८ मध्ये ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे २९.८० सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवताना त्यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंद वेळ दिली. चार वर्षांत साडेअठरा सेकंद! तेही सैन्यातला हा जवान पूर्णवेळ सराव करीत असताना. आपण गुरे-ढोरे, पाण्याच्या पाळ्या, रात्रीची वीज हे सगळे सांभाळून पळतो.

मग तुलना करायचीच नाही का? करावी, पण आपली आपल्याशी, आणि तीही सारख्याला सारखी. एप्रिलच्या उन्हाळ्यात अंग थंड ठेवण्यासाठी बरेचसे रक्त कातडीकडे जाते, म्हणून तेवढ्याच कष्टात वेग कमी पडतो. जानेवारीची वेळ जानेवारीशीच ताडावी. रस्त्याचेही तसेच. साताऱ्याची अर्धमॅरेथॉन यवतेश्वरच्या घाटातून जाते. तिथली वेळ सपाटीवरच्या २१ किलोमीटरशी जुळवू नये.

साधी चाळीस पानी वही घ्यावी. तारीख, अंतर, वेळ, झोप किती झाली आणि पळताना बोलता येत होते की नाही, एवढे लिहावे. महिन्यातून एकदा त्याच रस्त्यावर, त्याच वेळेला, बोलता येईल अशा चालीने पळून बघावे. पूर्वी ज्या चढावर शब्द फुटत नव्हता, तिथे आता बोलता येते, ही प्रगतीच आहे, जरी घड्याळ तेच सांगत असले तरी. रोज घड्याळ बघण्यात अर्थ नाही. छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर मात्र वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

गळीत हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग असते, ट्रेलरच्या मागे दिवा असेलच असे नाही. तेव्हा समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, उजाडल्यावरच पळावे. वेळ वाढणारच. वहीत त्या दिवसापुढे ‘गाड्या फार’ एवढे लिहून ठेवावे.