हाली, कलदार आणि कुर्डुवाडीचा फलाट

कुर्डुवाडी स्थानकाचे जुने नाव ‘बार्शी रोड’. १८९७ मध्ये येथून बार्शीपर्यंत अडीच फुटी लोहमार्ग सुरू झाला आणि १९११ मध्ये तो निजामाच्या राज्यातील लातूरला जाऊन भिडला. मुंबई-सोलापूर मार्गाचे रुंद डबे या अरुंद रुळांवर चालणे शक्य नसल्याने कुर्डुवाडीस माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. त्या खोळंब्यावर अनेकांची पोटे भरत. मात्र हमालीचा व विलंबाचा भार अखेरीस मालाच्या किमतीवरच पडे.

या मार्गावर केवळ डबेच बदलत नसत, रुपयाही बदलत असे. इंग्रजी मुलखात चाले तो कलदार रुपया. हद्दीपलीकडे निजाम सरकारचा हाली शिक्का. प्रमाणित दराने १०० कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजेच सहा कलदारांस सात हाली. एखाद्या परगणदाराच्या खात्यावर दोन चलनांचा हिशेब, सराफाकडे वटणावळ आणि भावातील चढउतार हे व्यवहाराचे नित्याचे अंग होते. निजामाच्या हद्दीतील शेतकऱ्याने बार्शीच्या पेठेत माल विकला तर हाती कलदार येई, परंतु सरकारी सारा भरावयाचा तो हालीत.

एका प्रदेशापुरतेच चलन टिकून कसे राहते, याचे उत्तर या साऱ्यात आहे. हाली रुपयाला मागणी होती ती निजामाच्या खजिन्यात सारा हालीत स्वीकारला जाई म्हणून. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि पुढील काही वर्षांत हालीची जागा भारतीय रुपयाने घेतली. त्याबरोबर हद्दीवरील सराफांची वटणावळही गेली. पैसा प्रदेशातच फिरत राहावा हा लाभ खरा, पण त्याची किंमत बहुधा हद्द ओलांडणारा लहान विक्रेता मोजत असे, हे विसरून चालणार नाही.

परदेशांतील अलीकडच्या प्रयोगांत हेच तत्त्व हेतुपुरस्सर वापरलेले दिसते. ऑस्ट्रियातील व्योर्गल या लहान शहरात १९३२ मध्ये मंदीमुळे नगरपालिकेचा कर थकला होता व कामगार बेकार होते. नगराध्यक्ष उंटरगुगेनबर्गर यांनी बँकेत तेवढीच रक्कम तारण ठेवून पालिकेच्या पावत्या काढल्या व त्यांतून रस्त्यांच्या कामाची मजुरी दिली. पावती महिनाभर पडून राहिली तर तिच्यावर एक टक्क्याचे तिकीट चिकटवावे लागे. म्हणून ती कोणी साठवीत नसे. दुकानदार त्या घेत, कारण पालिका करापोटी त्या स्वीकारीत असे. थकबाकी वसूल झाली, कामे झाली. पण १९३३ मध्ये राष्ट्रीय बँकेच्या हरकतीमुळे प्रयोग बंद पडला. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहराचे ‘पौंड’ २०१२ मध्ये निघाले व तेथील नगर परिषदेने काही कर त्यात घेतलेही, तरी २०२१ मध्ये त्याच्या नोटा रद्द झाल्या. १९३४ पासून चालू असलेली स्वित्झर्लंडमधील ‘वीर’ संस्था मात्र टिकली आहे. तेथे नोटा छापण्याऐवजी सभासद व्यापाऱ्यांची परस्पर देणी-घेणी खात्यांतून वळती केली जातात.

आपल्या ग्रामपंचायतीला वा नगरपरिषदेला व्योर्गलसारखी पावती काढता येईल काय? नाही. नोटा काढण्याचा अधिकार भारतीय रिझर्व्ह बँक कायदा, १९३४ च्या कलम २२ अन्वये केवळ त्या बँकेचा आहे, आणि धारकाला मागताक्षणी देय असा दस्तऐवज इतरांनी काढण्यास कलम ३१ मनाई करते. धातूचे तुकडे पैसा म्हणून चालविण्यासही कायद्याने बंदी आहे. दुकानदाराने स्वतःच्याच दुकानात चालणारे कूपन देणे वेगळे. ते चलन नव्हे.

राहते ती वळतीची वाट. ही वाट सोलापूर जिल्ह्यातील ऊस उत्पादकांना परकी नाही. सोसायटीकडून घेतलेले पीककर्ज, खताची उधारी, पुढे कारखान्याच्या ऊसबिलातून परस्पर कपात, उरलेली रक्कम खात्यावर: रोख पैसा मध्ये न येताच गावातले तीन व्यवहार येथे पुरे होतात. ही पद्धत जितकी सोयीची, तितकीच हिशेबाच्या चोखपणावर अवलंबून. कपातीचा तपशील सभासदाला वेळेवर व समजेल अशा भाषेत मिळाला नाही, तर ज्याच्या नावे वळती झाली त्यालाच आपले किती उरले ते कळत नाही. हाली-कलदारच्या काळी सराफाच्या दारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याची अडचणही याहून फार वेगळी नव्हती.

कुर्डुवाडीतून लातूरकडे जाणारा मार्ग २००८ मध्ये रुंद झाला आणि माल डब्यातून डब्यात भरण्याचे कारण उरले नाही.