श्रोत्यांची दाद आणि श्रोत्यांचा अधिकार

ख्यातकीर्त कलावंत रंगमंचावर आला की सभागृह आधीच जिंकलेले असते. पहिला स्वर उमटण्यापूर्वी टाळ्या पडतात, अखेरीस सारे उभे राहतात, आणि मैफल अविस्मरणीय झाली असे परस्परांना सांगत घरी जातात. या दादेत वादनाचा वाटा किती आणि नावाचा किती, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. जगद्विख्यात व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांच्या आयुष्यात मात्र तो फार निकराने उभा राहिला.

मेन्युहिन यांना बालवयातच अपार लौकिक लाभला. 1929 च्या एप्रिलमध्ये, वयाची तेरा वर्षेही पूर्ण झाली नसताना, त्यांनी बर्लिनमध्ये ब्रूनो वॉल्टर यांच्या संचालनाखाली बाख, बेथोवेन आणि ब्राम्स या तिघांच्या रचना एकाच मैफलीत वाजविल्या. श्रोते थक्क झाले. तथापि अवघ्या चार वर्षांत त्याच नगरीत नाझींची सत्ता आली आणि ज्यू कलावंतांना तेथे स्थान उरले नाही. टाळ्या वाजविणाऱ्या हातांवर किती विसंबावे, याचा हा कठोर धडाच होता.

महायुद्ध संपल्यावर, 1945 च्या जुलैमध्ये, मेन्युहिन बेल्सनला गेले. छळछावणीतून वाचलेल्यांपुढे त्यांनी व्हायोलिन वाजविले. पियानोच्या साथीला होते संगीतकार बेंजामिन ब्रिटन. श्रोत्यांमध्ये अनिता लास्कर नावाची एक तरुणी होती. आउश्विट्झच्या छावणीतील स्त्रियांच्या वाद्यवृंदात चेलो वाजवून ती जगली होती. मेन्युहिन यांचे वादन तंत्रदृष्ट्या निर्दोष होते, पण आपली अपेक्षा याहून उंच होती, असे तिने पत्रात लिहिले. मनापासून वाखाणले ते साथीदाराला. तो कोण, हे तिला ठाऊकही नव्हते. मृत्यूच्या दाढेतून सुटलेल्या श्रोत्याने केवळ कृतज्ञ राहावे, अशीच अपेक्षा कोणीही केली असती. या मुलीने कृतज्ञतेपोटी आपला कान गहाण टाकला नाही. रसिकतेचे याहून उज्ज्वल उदाहरण विरळाच.

दोन वर्षांनी प्रसंग अधिक अवघड आला. हिटलरच्या राजवटीत जर्मनीतच राहिलेले संगीतसंचालक फुर्टव्हेंग्लर यांच्यासमवेत मेन्युहिन यांनी 1947 मध्ये बर्लिनमध्ये बेथोवेनची रचना वाजविली. संगीताने वैर शमवावे, ही त्यांची श्रद्धा होती. जर्मन श्रोते भारावले. परंतु ज्यू निर्वासितांसाठी योजलेल्या मैफलीकडे निर्वासितांनीच पाठ फिरविली. सभागृह जवळजवळ रिकामे राहिले. मेन्युहिन यांनी त्यांना कृतघ्न ठरविले नाही. ते स्वतः छावणीत गेले आणि क्षुब्ध जमावापुढे आपली बाजू मांडली. ती सर्वांना पटली की नाही, हा निराळा प्रश्न. रिकाम्या खुर्च्यांनाही काही सांगावयाचे असते, हे त्यांनी मानले, यातच त्यांचा मोठेपणा आहे.

कदाचित म्हणूनच भारतात ते वेगळ्या वृत्तीने आले असावेत. 1952 मध्ये पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून आलेल्या मेन्युहिन यांनी आपल्या मैफलींचे उत्पन्न दुष्काळनिवारणासाठी दिले. आणखी महत्त्वाचे हे की, दिल्लीत रविशंकरांची सतार ऐकताना हा जगज्जेता वादक स्वतः श्रोता झाला. पाश्चात्त्य मैफलीत रचना संपेपर्यंत श्रोता निःशब्द असतो. आपल्याकडे समेवर मान डोलते, एखाद्या जागेला तिथल्या तिथे ‘वाहवा’ मिळते. पद्धती भिन्न असल्या तरी दोहोंच्या मुळाशी एकच अट आहे, ती म्हणजे सावध कान. व्हायोलिन आपल्या रागसंगीतात रुजविणाऱ्या गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग यांच्यासारख्या वादकांनाही घडविले ते अशाच कानांनी.

आज हा कान दुर्बळ होत चालला आहे. प्रत्येक मैफलीअंती उभे राहण्याची रीतच पडून गेली आहे; कित्येक श्रोते तर वादन चालू असताना ते मोबाईलमध्ये टिपण्यात गुंतलेले असतात. यात कलावंताचा सन्मान दिसत असला, तरी हानी त्याचीच अधिक आहे. सर्वांना सारखीच मिळणारी दाद कोणालाच काही शिकवीत नाही. चांगल्या आणि असामान्य वादनातील अंतर मग वादकालाही कळेनासे होते. नकार देण्याचा अधिकार ज्याने सोडला, त्याच्या होकाराला मोल उरत नाही. बेल्सनमधील त्या मुलीपाशी दुसरे काहीही नव्हते. हा अधिकार तेवढा तिने राखला होता.