एपिसोड 23 : मॅक घेऊ, की आहे त्यावरच भागवू?

एपिसोड ऐकला नसेल तरी चालेल, बोललो ते सगळं इथे लिहून काढलंय. बोलताना दर दोन वाक्यांनी येणारं "ॲक्च्युअली" कापलंय, आणि एक कमांड सांगताना जीभ अडखळली होती तीही सरळ केलीय.

तर झालं असं. मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला मामेभावाचा फोन आला. डिप्लोमा संपवून तो नुकताच इंजिनिअरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरला लागलाय.

"दादा, मॅकबुक घेतोय. पप्पा हप्त्यावर घ्यायला तयार झालेत. कुठला घेऊ तेवढं सांग."

म्हटलं, मॅकच का? तर म्हणे क्लासमधले सर म्हणाले, प्रोफेशनल लोक मॅकच वापरतात. घरातल्या लॅपटॉपचं काय, असं विचारलं तर, "तो 2017 चाय रे, डबा झालाय. चालू करून चहा पिऊन आलो तरी फिरतच असतो."

आता मामाचं तालुक्याला छोटं दुकान आहे. दोन वर्षं हप्ता भरायचा म्हणजे त्या घरात काय काय पुढे ढकललं जाणार, हे मला माहितीय. त्यामुळे "घे की, मस्त असतो" म्हणून फोन ठेवणं जमेना. त्याला म्हटलं, एक दिवस दे. तो एक दिवस म्हणजेच हा एपिसोड.

मुळात प्रश्नच उलटा विचारला जातो. "कुठली सिस्टीम चांगली?" याला उत्तर नाही. "मी जे बनवणार आहे ते शेवटी कुठे चालणार आहे?" याला मात्र उत्तर आहे. वेबसाइट, ॲपचा बॅकएंड, डेटाचं काम, यातलं काहीही केलंत तरी तुमचा कोड बहुतेक वेळा जाऊन राहतो लिनक्सच्या सर्व्हरवर. 1991 मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने हौस म्हणून सुरू केलेली ही गोष्ट. 2017 च्या नोव्हेंबरपासून जगातल्या सर्वांत वेगवान 500 सुपरकॉम्प्युटरच्या यादीतले सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. आणि तुम्ही हा एपिसोड अँड्रॉइड फोनवर ऐकत असाल, तर आत्ता तुमच्या हातातही लिनक्सचाच कर्नल चालतोय.

म्हणजे तुमचा लॅपटॉप हे कोडचं माहेर, नांदायचं दुसरीकडे. दोन्ही घरच्या रीती जितक्या वेगळ्या तितका ताप जास्त. तो ताप नेमका कसा असतो, ते स्वतःवरून सांगतो.

पहिल्या नोकरीत, शुक्रवारी संध्याकाळी, मी एक छोटा बदल सर्व्हरवर टाकला. माझ्याकडे सगळं व्यवस्थित, सर्व्हरवर बिल्ड फुटला. म्हणे फाइलच सापडत नाही. फाइल तर समोर दिसतेय! अडीच तास गेल्यावर कळलं की फाइलच्या नावात पहिलं अक्षर कॅपिटल एच होतं आणि कोडमध्ये मी स्मॉल एच लिहिलं होतं. विंडोजला हे दोन्ही सारखंच. लिनक्सच्या लेखी त्या दोन वेगळ्या फाइली. त्यात भर म्हणजे विंडोजवर नुसतं कॅपिटलचं स्मॉल केलं तर गिटला बदल झाल्याचं कळतही नाही, गिटच्याच "एमव्ही" कमांडने नाव बदलावं लागतं. आणि हो, मॅकवाल्यांनी हसू नका. मॅकची डिस्कही डीफॉल्टला असा फरक करत नाही. तोच खड्डा तिथेही आहे.

दुसरा किस्सा खास आपल्या लोकांसाठी, कारण इंग्रजी ट्युटोरियलमध्ये हा सापडत नाही. एका मैत्रिणीच्या प्रोजेक्टमध्ये गावांच्या नावांची मराठी फाइल होती. पायथनने उघडायची, बस्स. विंडोजवर प्रोग्राम मरायचा, माझ्या उबुंटूवर तोच प्रोग्राम सुरळीत. गंमत म्हणजे फाइलमध्ये फक्त "नाशिक, सातारा, नागपूर" ठेवलं तर विंडोजवरही मरायचा नाही. "पुणे" किंवा "कोल्हापूर" आलं की लगेच आडवा!

कारण ऐका. फाइल युटीएफ-8 मध्ये साठवलेली. पण विंडोजवरचं पायथन, निदान आजवरच्या नेहमीच्या आवृत्त्यांमध्ये, तुम्ही काही सांगितलं नाही तर सिस्टीमची जुनी एन्कोडिंग धरतं. आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर ती बहुतेक वेळा 1252 नंबरची, पश्चिम युरोपच्या भाषांसाठी बनवलेली. मराठीचं प्रत्येक अक्षर किंवा चिन्ह युटीएफ-8 मध्ये तीन बाइट घेतं. त्या 1252 च्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत. आपल्या पहिल्या उकाराचा शेवटचा बाइट नेमका अशाच एका रिकाम्या जागी पडतो, आणि जोडाक्षरातल्या पाय मोडायच्या चिन्हाचा दुसऱ्या एका. म्हणून "पुणे"मधल्या "पु"वर प्रोग्राम पडतो, "कोल्हापूर"मधल्या "ल्हा"वर पडतो. "नाशिक"मध्ये यातलं काहीच नाही, त्यामुळे ते वाचलं जातं, पण कसं? परदेशी चिन्हांचा नुसता कचरा. आणि मला विचाराल तर पडणारा प्रोग्राम परवडला. कचरा मुकाट्याने डेटाबेसमध्ये जाऊन बसतो आणि सहा महिन्यांनी कळतं.

उपाय एका ओळीचा आहे. फाइल उघडताना एन्कोडिंग युटीएफ-8 असं स्वतः लिहायचं, प्रत्येक वेळी, लिनक्सवर असाल तरी. पण लिनक्सवर ते डीफॉल्टच असल्यामुळे मैत्रिणीचे दोन दिवस गेले आणि माझा एक मिनिटही गेला नाही. याला म्हणतात सिस्टीम निवडण्याची किंमत. ती दुकानातल्या पाटीवर लिहिलेली नसते.

मग विंडोज फेकून द्यायचं का? अजिबात नाही. विंडोजमध्येच लिनक्स चालवता येतं, त्याला डब्ल्यूएसएल म्हणतात. 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टने ते आणलं, आणि 2019 मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या आवृत्तीपासून त्यात खराखुरा लिनक्स कर्नल असतो. पॉवरशेल ॲडमिन म्हणून उघडायचं, टाइप करायचं डब्ल्यूएसएल, स्पेस, दोन डॅश, इन्स्टॉल. लॅपटॉप रीस्टार्ट केला की उबुंटू हजर. नाही आलं तर बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का बघा, बऱ्याचदा घोडं तिथेच अडतं.

दोनच पथ्यं. एक, तुमचा प्रोजेक्ट सी ड्राइव्हमध्ये ठेवून लिनक्समधून उघडू नका. दोन्हींच्या मधला पूल हळू आहे, नोडचं पॅकेज इन्स्टॉल करताना तर जीव जातो. प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवा. दोन, डब्ल्यूएसएल गरज पडेल तशी तुमची निम्म्यापर्यंत रॅम घेऊ शकतं. 16 जीबी असेल तर कळतही नाही, 8 जीबीत क्रोमच्या वीस टॅब उघड्या असतील तर कळतं. मर्यादा घालता येते, डब्ल्यूएसएलकॉन्फिग नावाच्या छोट्या फाइलमध्ये.

ज्याचा लॅपटॉप चार-पाच वर्षांच्या आतला आहे आणि 16 जीबी रॅम आहे, त्याने माझ्या मते इथेच थांबावं. कॉलेजचं ऑफिसचं काम, कॅम्पसच्या ऑनलाइन परीक्षा, गेम, सगळं विंडोजवर, आणि कोडिंग आतल्या उबुंटूवर. काही विकत घ्यायचं नाही.

आता मॅक. मी मॅकच्या विरोधात नाही, ऑफिसने दिलाय तो मॅकच आहे. बॅटरी दिवसभर जाते, आत युनिक्स असल्यामुळे टर्मिनल ओळखीचं वाटतं. आयफोनचं ॲप बनवायचं असेल तर चर्चाच नको, त्यासाठी लागणारं एक्सकोड फक्त मॅकवर चालतं. पण बाकी कामांसाठी "मॅक म्हणजे सर्व्हरसारखंच" हा गैरसमज आहे. 2020 च्या एम-वन पासून त्यांची चिप एआरएम जातीची आहे आणि बरेचसे सर्व्हर अजून इंटेल जातीचे आहेत. मॅकवर डॉकरची इमेज बनवली, सर्व्हरवर टाकली, आणि "एक्झेक फॉरमॅट एरर" असा एका ओळीचा निरोप आला, हे माझ्या टीममध्ये नव्या माणसाचं दीक्षा घेणं समजलं जातं. इमेज बनवताना प्लॅटफॉर्म सांगितला की मिटतं, पण ते आधी माहीत हवं ना. शिवाय रॅम नंतर वाढवता येत नाही. जी घेतली ती घेतली.

राहिला मामेभावाचा "डबा". सातव्या पिढीचा आय-थ्री, 4 जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि त्या पिढीचे आय-थ्री विंडोज 11 च्या अधिकृत यादीत बसत नाहीत. म्हणून लोक असे लॅपटॉप भंगारात काढतायत. पण डबा झाला कशामुळे? प्रोसेसरमुळे कमी, फिरत्या डिस्कमुळे जास्त. एसएसडी आणि 8 जीबीची एक रॅम पट्टी, एवढ्यानं त्यात जीव येतो. खर्च मॅकच्या एखाद-दुसऱ्या हप्त्याइतका.

त्यावर कुठलं लिनक्स, यावर इंटरनेटवर धर्मयुद्धं चालतात. नवशिक्याने उबुंटूची एलटीएस आवृत्ती किंवा हलकं हवं तर लिनक्स मिंट घ्यावं, विषय संपला. उबुंटूच्या आवृत्तीचा नंबर म्हणजे वर्ष आणि महिना, म्हणजे 24.04 ही 2024 च्या एप्रिलची. एलटीएस दर दोन वर्षांनी येते आणि पाच वर्षं अपडेट मिळतात. पण थेट इन्स्टॉल करू नका. आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघा. वायफाय, आवाज, ब्राइटनेसची बटणं, झाकण मिटून उघडल्यावर जागं होतंय का, हे सगळं काही न पुसता तपासता येतं. विंडोजही शेजारी ठेवणार असाल तर बिटलॉकरची रिकव्हरी की लिहून घ्या आणि फोटोंचा बॅकअप दुसरीकडे ठेवा. आणि ठेवाच म्हणतो, कारण कॅम्पस परीक्षांसाठीचे लॉक होणारे ब्राउझर लिनक्सवर बहुधा चालत नाहीत. नोकरीच्या परीक्षेच्या सकाळी हे कळणं बरं नव्हे.

टूल्सबद्दल थोडक्यात, कारण इथे निवड चुकली तरी अर्ध्या तासात बदलता येते. एडिटर व्हीएस कोड. फुकट आहे, तिन्ही सिस्टीमवर सारखा दिसतो, आणि डब्ल्यूएसएलच्या आत काम करायचं एक्स्टेन्शन आहे. जावा करत असाल तर इंटेलिजे. अँड्रॉइड करत असाल आणि रॅम 8 जीबी असेल, तर इम्युलेटर विसरा, स्वतःचा फोन केबलने जोडून त्यावरच ॲप चालवा. विम शिकायचं का? आवडलं तर शिका. निदान बाहेर कसं पडायचं तेवढं माहीत असू द्या, सर्व्हरवर कधीतरी तोच उघडतो. एस्केप दाबायचं, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. 2017 मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोने लिहिलं होतं की विममधून बाहेर कसं पडायचं हा प्रश्न दहा लाख लोकांनी येऊन बघितलाय. तेव्हा लाजू नका.

आणि कॉलेजच्या लॅबमध्ये अजून टर्बो सीची ती निळी स्क्रीन असेल, तर प्रॅक्टिकलपुरती सहन करा. घरी जीसीसी वापरा. क्लिअर-स्क्रीनची ती कमांड आणि कोनिओची हेडर फाइल तिथे चालणार नाही, दोन दिवस चिडचिड होईल. नव्वदीच्या सुरुवातीचा कंपायलर सोडताना एवढं चालायचंच.

मामेभावाला हे सगळं सांगितलं. गडी नाराज झाला, खोटं कशाला बोलू. "म्हणजे नवीन काहीच नाही?" मी म्हटलं, तिसऱ्या वर्षाला आयफोनच्या ॲपचं इंटर्नशिप मिळालं तर मॅकसाठी मामाशी मी बोलतो.

रविवारी व्हिडिओ कॉलवर बसलो. एसएसडी तालुक्याच्या दुकानातून बसवून आणली होती. लाइव्हमध्ये सगळं चाललं, वायफाय सोडून. त्याचा चेहरा पडला. मग फोन केबलने जोडून यूएसबी टेथरिंग चालू केलं, त्या नेटवर उबुंटूने स्वतःच ड्रायव्हर शोधला, आणि तेवढ्या वेळात माझ्याशी बोलायचा फोन गुंतल्यामुळे कॉल मामाच्या फोनवर घ्यावा लागला. दुकानातलं गिऱ्हाईक थांबवून मामा विचारत होता, "झालं का रे त्याचं? चालतोय का?"

चालतोय. पंधरा-वीस सेकंदांत उघडतोय. काल रात्री त्याने गिटहबवर पहिला प्रोजेक्ट टाकला आणि मला लिंक पाठवली. उघडून बघितलं तर पासवर्डची फाइलही सोबत चढवलेली. म्हणून पुढचा एपिसोड गिटवर. तोपर्यंत तुमच्याकडे कुठला लॅपटॉप आहे, किती रॅम आहे आणि काय शिकताय ते व्हॉइस नोटमध्ये पाठवा.