डिस्कसचे बिऱ्हाड

अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातील उष्ण, मृदू व किंचित आम्ल जलात वाढणारा, १८४० साली व्हिएन्नाच्या हेकेल यांनी प्रथम वर्णिलेला हा तबकडीसारखा मत्स्य घरच्या काचपेटीत नांदवायचा, तर पाच-सहांच्या समूहासाठी अडीचशे लिटर पाणी आणि २८ ते ३० अंश सेल्सिअस उष्णता यांची तजवीज आधी करावी लागते. गाळणयंत्राचे खरे काम कचरा अडवणे नव्हे. त्यातील स्पंजावर वस्ती करणारे जिवाणू विषारी अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व मग पुष्कळच सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, आणि ही वस्ती जमण्यास चार-सहा आठवडे लागत असल्याने उतावळ्या हौशी गृहस्थाचे मासे बहुधा त्याआधीच दगावतात. स्पंज नळाखाली धुऊ नये, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून उपसलेल्या पाण्यातच तो पिळावा.