सुई-दोरा (भाग 12) : पेटीतले वीस चौकोन

गेले अकरा आठवडे या लेखमालेत आपण एकेक नमुना शिवत आलो. नऊ चौकड्यांचा साधा नाईन पॅच, मधल्या लाल चौकोनाभोवती पट्ट्या रचत जाणारा लॉग केबिन, आठ टोकांची ओहायो स्टार, त्रिकोणांची रांग लावलेला फ्लाइंग गीज. मागच्या आठवड्यात विसावा चौकोन झाला. प्रत्येक चौकोन वेगळ्या नमुन्याचा, म्हणून हिचं नाव सॅम्पलर क्विल्ट. आपण तिला नमुना-गोधडी म्हणतो. आता हे वीस चौकोन तुमच्या हातात आहेत आणि इथून पुढचं काम सगळ्यांत अवघड आहे. ते म्हणजे गोधडी पुरी करणं.

अवघड म्हणते, ते अनुभवाने. माझा पहिला चौकोन 2014 च्या उन्हाळ्यातला आणि विसावा 2019 चा. त्यानंतर पाच वर्षं ते सगळे पत्र्याच्या पेटीत कडुनिंबाच्या पाल्यात पडून होते. दर दिवाळीला पेटी उघडायची, पाला बदलायचा, चौकोन एकदा हातावर घेऊन पाहायचे आणि पुन्हा ठेवून द्यायचे. मला वाटायचं, आपलाच उत्साह सरला. तसं नव्हतं. थांबण्याच्या जागा या कामाच्या रीतीतच आहेत, हे मला फार उशिरा कळलं. ते कळलं आणि एका हिवाळ्यात गोधडी पुरी झाली. आजचा भाग त्याबद्दल.

गोधडी अर्धवट का राहत नाही

माझ्या आजीचं गाव बेला मंडलातलं, पैनगंगेच्या अलीकडचं. काळी माती, कपाशीचा मुलूख. दिवाळीच्या आगेमागे सुरू झालेली वेचणी संपायची, पळाटी उपटून व्हायची आणि चैत्रात बायांचे हात थोडे मोकळे झाले की अंगण सारवून गोधडी आथरायची. खाली एक जुनी साडी, तिच्यावर दुसरी. चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, दगड, जे हाताशी असेल ते वजन. सगळ्यात आधी हातभर अंतरावर लांब-लांब कच्चे टाके. मग काठापासून ठिगळं मांडायची आणि धावदोरा घालत आत-आत सरकायचं. चार बाया चार बाजूंना. संध्याकाळी गोधडी तेवढी गुंडाळून घरात न्यायची आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. आजी सांगायची, "एकदा आथरली त शिवूनच उचला लागते."

मला ते नुसतं वडीलधारं बोलणं वाटे. त्यात कामाचं केवढं मर्म आहे ते पाहा. गोधडीत ठिगळ जोडणं आणि थर एकमेकांना शिवणं ही दोन कामं नाहीतच. एकाच टाक्यात ठिगळ बसतं, थर धरले जातात आणि नक्षीही उमटते. आज वीतभर शिवलं, तर तेवढी वीत पुरी झाली, तिच्यावर पुन्हा हात फिरवायचा नाही. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायांची कवंद नावाची गोधडीही अशीच काठाकडून मध्याकडे जाते. तिच्या कोपऱ्यांवर ठिगळांचं त्रिकोणी फूल बसवल्याशिवाय त्या तिला पुरी मानत नाहीत.

नमुना-गोधडीचं तसं नाही. आधी चौकोन, मग ते जोडून वरचा पदर, मग तीन थरांची मांडणी, मग धावदोरा, मग गोट. प्रत्येक पायरीनंतर काम घडी करून ठेवून देता येतं. शिवाय प्रत्येक पायरीला वेगळी जागा आणि वेगळं कापड लागतं. चौकोन मांडीवर होतो. मांडणीला मात्र अख्खी खोली रिकामी करावी लागते. हात थांबतो तो इथेच.

तरीही ही वाट पार झालेली आहे, आणि तीही किती बिकट वेळी! अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या जेन स्टिकल या बाईने 1863 साली, तिथल्या यादवी युद्धाच्या ऐन काळात, अशीच एक गोधडी पुरी केली. मधे 169 छोटे चौकोन, भोवती त्रिकोणांची महिरप. तिने कोपऱ्यात दोऱ्याने आपलं नाव आणि साल घातलं, हे युद्धकाळातलं काम आहे असं लिहिलं आणि तुकड्यांची संख्याही नोंदवली : 5602. आज ती गोधडी बेनिंग्टनच्या संग्रहालयात आहे. हे तुकडे तिने मोजले, याचं मला फार मोल वाटतं. आपलं काम पुरं झालं हे स्वतःला सांगण्याचा तो तिचा मार्ग असावा.

चौकोन लहान-मोठे निघाले तर

आता कामाला लागू. पहिल्यांदा टेप घ्या आणि वीसही चौकोन मोजा. शिवून 12 इंच हवेत, म्हणजे चारी बाजूंची पाव-पाव इंच माया धरून साडेबारा. माझे मोजले तेव्हा कुणी बारा भरला, कुणी पावणेतेरापर्यंत गेलेला. पाच वर्षांत हात बदलतो, कापड बदलतं. पहिल्या उन्हाळ्यातल्या माझ्या चांदणीचं एक टोक शिवणीत गिळलं गेलं होतं. आता सगळं उसवून नव्याने करावं असं मनात येतं. करू नका. उसवणं ही पेटीकडे परत जाण्याची वाट आहे.

त्याऐवजी प्रत्येक चौकोनाला एकाच रंगाच्या कापडाची चौकट लावा. पट्टी दीड इंच रुंद कापा, चारी बाजूंना शिवा, इस्त्री करा आणि मग सगळे चौकोन साडेतेरा इंचांवर कापून घ्या. लहान चौकोनाभोवती चौकट जरा रुंद दिसेल, मोठ्याभोवती बारीक. पण सगळ्यांचं माप एक होईल. मी फिकट राखाडी सुती कापड घेतलं. चौकट लागल्यावर 2014 चा चौकोन आणि 2019 चा चौकोन पहिल्यांदाच एका घरचे दिसले.

मग ते जमिनीवर मांडा, आडवे चार आणि उभे पाच. दोन गडद चौकोन शेजारी येऊ देऊ नका. दूर उभं राहून डोळे बारीक करून पाहा, कुठे भार जास्त झाला ते लगेच कळतं. मधे आणि कडेला शिवून दोन इंच राहतील अशा पट्ट्या घाला, म्हणजे अडीच इंच रुंद कापा. हिशोब असा : आडवे 13 इंचांचे चार चौकोन आणि पाच पट्ट्या मिळून 62 इंच, उभे पाच चौकोन आणि सहा पट्ट्या मिळून 77 इंच. एका माणसाला पायापर्यंत पुरेल एवढं हे पांघरूण होतं.

आत काय घालायचं

वाचक विचारतात, आदिलाबादसारख्या कापसाच्या जिल्ह्यात राहून गोधडीत कापूस का नाही? कारण पिंजलेला कापूस सुटा असतो. रजईत तो भरला की धुता येत नाही, धुतला तर गोळे होतात, आणि काही वर्षांनी पिंजाऱ्याकडून पुन्हा पिंजून घ्यावा लागतो. जुन्या साडीचा थर जागचा हलत नाही. शंभरदा धुतलेलं सुती कापड आटायचं तेवढं आधीच आटलेलं असतं आणि मऊ झाल्यामुळे सुई त्यातून सहज जाते.

एका थराला सहावारी साडीच्या 85 इंचांच्या दोन लांब्या शेजारी-शेजारी लावा आणि रुंदी 70 इंच ठेवून बाकीचं कापा. खालचं अस्तर आणि आतले दोन थर, अशा तीन साड्या लागतील. वरच्या पदरापेक्षा चारी बाजूंना चार-चार इंच जास्त कापड ठेवायचं, कारण शिवताना ते आत ओढलं जातं. माझ्या गोधडीत आतला एक थर आजीच्या नऊवारीचा आहे आणि दुसरा आईच्या घरच्या साडीचा. बाहेरून ते दिसत नाहीत.

थर मांडण्याआधी दोन दिवस कडक उन्हात वाळवा. कापूस हवेतला ओलावा किती पितो हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. सरकारी खरेदीत पूर्ण भावासाठी 8 टक्के ओलाव्याची अट असते, तो 12 च्या वर गेला तर माल घेत नाहीत. साडी हाही कापूसच. ओल आत राहिली, तर गोधडीला कुबट वास धरतो आणि तो जात नाही.

आथरली की उचलायची नाही

इथे आजीचं वाक्य कामाला आलं. एका रविवारी आम्ही पुढच्या खोलीतलं सगळं सामान अंगणात काढलं. अस्तर उलटं आथरलं, कडा चिकटपट्टीने फरशीला धरल्या, त्यावर दोन थर आणि सर्वांत वर चौकोनांचा पदर. शेजारच्या अक्का आल्या, त्यांची सून आली, माझी मुलगी बसली. अक्का तेलुगूत तिला बोंत म्हणतात आणि त्यांचा हात माझ्यापेक्षा पक्का आहे. चौघींनी मिळून चार-चार बोटांवर कच्चे टाके घातले. मी एकटी असते तर आठवडा गेला असता. सकाळी नऊला बसलो आणि दिवेलागणीला उठलो.

एक बाब मात्र गोधडीची घेऊ नका. गोधडी काठाकडून आत जाते, आपण मधून बाहेर जायचं. गोधडीत शेवटचं ठिगळ उरलेल्या जागेच्या मापाने कापतात, त्यामुळे वाटेत कापड थोडं सरकलं तरी मधे सामावून जातं. आपला वरचा पदर आधीच ठरल्या मापाचा आहे. काठाकडून शिवत आलात तर सगळी ढिलाई मधे गोळा होऊन फुगवटा येईल. म्हणून मधल्या चौकोनापासून सुरुवात करा आणि तळहाताने कापड बाहेर सारत जा. धावदोऱ्याच्या ओळींत बोटभर अंतर पुरे. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंततो. अंगुस्तान वापरा, चार थरांतून सुई ढकलताना बोट टिकायला हवं.

मी कार्तिकात धावदोरा धरला. रोज रात्री जेवणं झाली की तासभर. तेलंगणात सर्वांत जास्त थंडी पडते ती आमच्या भागात, पारा दहाच्या खाली जातो. शिवता शिवताच गोधडी पायांवर घेतली जायची, तेव्हा काम चालू असतानाच तिची ऊब मिळत होती. पौष अमावस्येला केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेला गेले, तेव्हा बैलगाड्यांवर वाळत घातलेल्या गोधड्या पाहिल्या. वडाखाली रात्री काढणाऱ्या माणसांच्या त्या. विरलेल्या जागी नवं ठिगळ, त्यावर पुन्हा टाके. त्या दिवशी घरी येऊन मी शेवटच्या तीन ओळी घातल्या.

गोट आणि नाव

कडा सरळ कापून घ्या आणि कच्चे टाके काढा. गोटासाठी अडीच इंच रुंदीच्या सात पट्ट्या तिरप्या जोडणीने एकमेकींना जोडा. घेर 278 इंचांचा आहे, कोपरे आणि शेवटचा जोड धरून 290 इंच पट्टी लागते. पाऊण मीटर कापड घेतलं म्हणजे चिंता नाही. पट्टी लांबीत दुमडा, तिच्या उघड्या कडा गोधडीच्या पुढच्या कडेला लावून शिवा आणि दुमड मागे वळवून हाताने तुरपाई करा. कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबायचं, पट्टी तिरपी वर दुमडायची, मग सरळ खाली आणून पुन्हा शिवायला लागायचं. असा कोपरा टोकदार बसतो. कोपरे गोल ठेवायचे असतील, तरच पट्टी उरेब कापा.

नाव घालायला विसरू नका. आपल्या आज्यांच्या गोधड्यांवर नाव नसे. घरातलं माणूस ठिगळावरून ओळखायचं : हा मामाचा सदरा, ही धाकटीची परकरी. ते ओळखणारं माणूस गेलं की गोधडी मुकी होते. मी मागच्या कोपऱ्यात साल घातलं, गाव घातलं आणि चारही जणींची नावं घातली. माझ्या मुलीने तेच शेजारी तेलुगू अक्षरांत शिवलं. अक्कांनी ते बोटाने वाचलं, दोनदा.

शेवटी गोधडी गार पाण्यात धुऊन सावलीत वाळवली. पहिल्या धुण्यात नवं कापड जरा आटतं, जुने थर आटत नाहीत, म्हणून टाक्यांच्या मधे बारीक चुण्या पडतात. त्याच चुण्यांनी गोधडीला अंग येतं. वाळल्यावर मी तुटक्या टोकाची चांदणी शोधली. ती डाव्या हाताला, वरून दुसऱ्या रांगेत आहे हे मला माहीत होतं, तरी डोळ्यांना सापडायला वेळ लागला. तिच्यावरून अक्कांच्या धावदोऱ्याची ओळ सरळ गेली आहे.

तुमचे वीस चौकोन पेटीत असतील, तर या आठवड्यात ते फक्त मोजा. कापू नका, उसवू नका. मापं कागदावर लिहा आणि शेजारी कोणाचा हात चांगला आहे तेही लिहून ठेवा.

(पुढील आठवड्यात : उरलेल्या चिंध्यांचं बाळाचं दुपटं)