पाळी गेल्यावर डाग दिसला तर वाट पाहू नका



उसात काणीचे एक बेट दिसले तरी आपण ते लगेच काढून टाकतो. घरातल्या बाईच्या दुखण्याला मात्र "हंगाम उरकू दे, मग बघू" म्हणतो. म्हणून या अंकात गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाविषयी लिहीत आहोत. बंधूंनीही हे वाचावे व घरी वाचून दाखवावे.

हा रोग बहुधा पाळी गेल्यानंतर होतो. इस्ट्रोजेन हे संप्रेरक पिशवीचे अस्तर वाढवते, प्रोजेस्टेरॉन त्याला आवर घालते. हा आवर सुटून अस्तर वर्षानुवर्षे वाढत राहिले की धोका वाढतो. अंगातल्या चरबीतही इस्ट्रोजेन तयार होते. म्हणून लठ्ठपणा हे मोठे कारण. शिवाय पुढील भगिनींनी जपावे :

१) मधुमेह असलेल्या.
२) मूल न झालेल्या, किंवा बीजकोशाच्या विकाराने ज्यांची पाळी महिनोन्महिने येत नाही अशा.
३) पाळी फार लवकर आलेल्या किंवा उशिरा गेलेल्या.
४) नुसत्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेतलेल्या. हा धोका १९७५ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी दाखवून दिला.
५) स्तनाच्या कर्करोगावर टॅमोक्सिफेन घेणाऱ्या. पण ते मनाने बंद करू नये.
६) रक्ताच्या नात्यात हा किंवा मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेल्या.

यांतले काही लागू पडले म्हणजे रोग झालाच असे नव्हे. आणि काहीच लागू नसले तरी एक खूण विसरू नका : पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर लाल डाग जरी दिसला, तरी डॉक्टरांना दाखवायचेच. बहुतेक वेळा कारण साधे निघते, पण ते तपासल्यावरच कळते. सोनोग्राफीत अस्तराची जाडी पाहतात, गरज पडल्यास अस्तराचा तुकडा तपासतात. पॅप तपासणी गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगासाठी असते. ती चांगली आली म्हणून निर्धास्त राहू नये.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बीड जिल्ह्यात ऊसतोडणी करणाऱ्या हजारो भगिनींची पिशवी काढल्याचे २०१९ साली उघड झाले. कित्येकींना कर्करोगाची भीती घातली होती. तेव्हा तपासणीचा कागद हातात आल्याशिवाय, दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिशवी काढू देऊ नका.

रोग लवकर सापडला तर शस्त्रक्रियेने बहुतेकजणी बऱ्या होतात. दुखणं अंगावर काढू नका, एवढीच विनंती.