‘फोर्ट स्टिकीन’ : एका मालवाहू जहाजाची दोन वर्षे

दरवर्षी १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. त्या दिवशी ज्यांना मानवंदना दिली जाते, त्यांत १९४४ साली मुंबई गोदीत धारातीर्थी पडलेले ६६ अग्निशामक प्रमुख असतात. ज्या जहाजावरची आग विझवताना त्यांना मृत्यू आला, ते ‘फोर्ट स्टिकीन’ ही काही युद्धनौका नव्हती. ते होते एक साधे मालवाहू जहाज.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या मित्रराष्ट्रांची जहाजे झपाट्याने बुडवू लागल्या. त्यांची जागा भरण्यासाठी कॅनडात एकाच आराखड्याची जहाजे धडाक्याने बांधली गेली. त्यातील अनेकांना ‘फोर्ट’ या शब्दाने सुरू होणारी, फरच्या जुन्या व्यापारी ठाण्यांची नावे मिळाली. ‘फोर्ट स्टिकीन’ १९४२ मध्ये ब्रिटिश कोलंबियातील प्रिन्स रूपर्ट येथे तयार झाले. लांबी सुमारे ४४० फूट, रुंदी ५७ फूट, नोंदणीकृत क्षमता ७,१४२ टन. वाफेच्या इंजिनावर त्याचा वेग ताशी जेमतेम ११ सागरी मैल, म्हणजे सुमारे २० किलोमीटर. ते ब्रिटनच्या युद्धवाहतूक मंत्रालयाच्या सेवेत होते.

अशा जहाजाच्या पोटात मालाचे पाच मोठे कप्पे असत. प्रत्येक कप्प्यात मधले डेक असल्याने एकावर एक थर रचता येत. धान्य, यंत्रे, लाकूड, दारूगोळा असे काहीही त्यातून नेता येई. हाच या जहाजांचा मोठा गुण होता. मात्र कोणत्या मालाशेजारी कोणता माल ठेवायचा, हा निर्णय माणसांच्या हाती होता.

२४ फेब्रुवारी १९४४ रोजी जहाज इंग्लंडमधील बर्कनहेड बंदरातून निघाले. त्यावर १,३९५ टन स्फोटके व दारूगोळा होता, शिवाय ३१ पेट्यांत सोन्याच्या १२४ विटा होत्या. कराचीत काही माल उतरला आणि रिकाम्या जागेत कापसाच्या सुमारे ८,७०० गासड्या चढल्या. कप्तान नेस्मिथ यांना हे मान्य नव्हते, पण युद्धकाळात जागा मोकळी सोडणे परवडणारे नव्हते. दुसऱ्या क्रमांकाच्या कप्प्यात तळाशी कापूस आणि वर स्फोटके, अशी रचना झाली.

१२ एप्रिलला जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. शांततेच्या काळात स्फोटके बंदराबाहेरच पडावांत उतरवली जात. युद्धामुळे हा नियम शिथिल झाला होता. १४ एप्रिलला दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या कप्प्यातून धूर दिसला. आग कापसात होती. दाबून बांधलेली गासडी आतल्या आत धुमसत राहते आणि वरून ओतलेले पाणी तिच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. सुमारे ९०० टन पाणी ओतूनही आग आटोक्यात आली नाही.

जहाज तिथेच बुडवावे, तर गोदीत पुरेशी खोली नव्हती. समुद्रात ओढून न्यावे की कप्प्यात पाणी भरत राहावे, यावर अधिकाऱ्यांत एकमत होईना. अंतिम आदेश देईल असा एकच अधिकारी तेथे नव्हता. त्यातच दोन तास गेले.

चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. त्याचे हादरे सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदले गेले. शेजारच्या ‘जलपद्मा’ जहाजाचा मागचा भाग उचलला जाऊन शेडवर आदळला. गोदीतील अनेक जहाजे नष्ट झाली आणि आगी लगतच्या वस्त्यांपर्यंत पोहोचल्या. मृतांची संख्या आठशे ते तेराशे मानली जाते. त्यांत कप्तान नेस्मिथही होते. उडालेल्या सोन्याच्या विटा पुढे कित्येक वर्षे गोदीतील गाळातून सापडत राहिल्या.

आगीचे संभाव्य कारण म्हणून कोणीतरी टाकलेल्या सिगारेटकडे बोट दाखवले गेले. पण ती ठिणगी एरवी काही गासड्या जाळून थांबली असती. कापसावर स्फोटके रचली गेली, ती थेट शहराच्या धक्क्याला आणली गेली आणि आग लागल्यावर निर्णय कोणी घ्यायचा हेच ठरलेले नव्हते. या तीन चुकांची किंमत मुंबईने आणि त्या ६६ जवानांनी मोजली.